प्रोसेसरचा ताप आणि चेन्नईची हवा

मे महिन्याच्या 4 तारखेच्या सुमारास सुरू होऊन 28 तारखेपर्यंत चालणारा, तमिळ पंचांगात अग्निनक्षत्रम् या नावाने प्रसिद्ध असलेला उग्र काळ चेन्नईवर उतरला, म्हणजे त्या शहराचे सारे लक्ष दुपारी समुद्रावरून वारा किती वाजता येतो याकडे लागते. हा वारा मध्याह्नाच्या आसपास पोचला, तर पारा 36-37 अंशांवर रेंगाळून परत फिरतो. पण पश्चिमेकडून येणाऱ्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्याने त्याला किनाऱ्यावरच थोपवून धरले, तर पारा चाळिशी ओलांडतो. 31 मे 2003 या दिवशी नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत 45 अंशांची नोंद झाली, आणि ती या शहराच्या दप्तरातील सर्वोच्च नोंद होय. अण्णा सालैच्या, म्हणजे जुन्या माउंट रोडच्या, पोटात शिरणाऱ्या रिची स्ट्रीटवर आणि तिला लागून असलेल्या नरसिंगपुरम स्ट्रीटवर संगणकांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची जी दाटीवाटीची बाजारपेठ आहे, तेथे या दिवसांत येणारी एक तक्रार ठरलेली असते: यंत्र सकाळी निर्वेध चालते, दुपार कलू लागली की मंदावते, आतला पंखा घरघर करू लागतो, आणि मग एखाद्या क्षणी पडदा काळा होऊन सारे काम जागच्या जागी थांबते. अर्ध्या तासाने तेच यंत्र, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, पुन्हा सुरू होते.

या तक्रारीवर दोन निकाल सर्वत्र ऐकू येतात. हवाच अशी आहे, तिला कोण काय करणार, हा पहिला; आणि प्रोसेसर गेला, नवा बसवा, हा दुसरा. माझ्या मते हे दोन्ही निकाल तपासावाचून दिलेले आहेत; आणि तपास कसा करावा हे ज्याला एकदा उमगले, त्याला बहुतेक वेळा फार थोड्या खर्चात आपल्या यंत्राचा बंदोबस्त स्वतः करता येतो. त्यासाठी प्रथम ही उष्णता निर्माण कोठे होते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे समजावून घेतले पाहिजे.

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या एका इवल्याशा चकतीवर कोरलेल्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांचा समुदाय. यांतील प्रत्येक ट्रान्झिस्टर ज्या ज्या वेळी बंद स्थितीतून चालू स्थितीत किंवा उलट जातो, त्या त्या वेळी अत्यल्प असा विद्युद्भार भरला जातो आणि रिता होतो, व त्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तेथेच प्रकट होते. विजेवर चालणारी मोटर पाणी उपसते किंवा चाक फिरवते, आणि तिने घेतलेल्या ऊर्जेचा मोठा अंश त्या कामात जातो. गणनेच्या कामात असे काही उचलायचे वा ढकलायचे नसल्यामुळे प्रोसेसरने 100 वॅट वीज घेतली, तर जवळजवळ 100 वॅट उष्णताच बाहेर टाकावी लागते. या उष्णतेचे प्रमाण ट्रान्झिस्टरांच्या उघडझापेच्या वेगाशी सम प्रमाणात असते, परंतु विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाशी सम प्रमाणात असते. आणि हा वर्ग पुढे आपल्या मोठ्या उपयोगाला येणार आहे. याखेरीज बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही थोडी वीज झिरपत असते, व तापमान वाढेल तसतसे हे झिरपणे वाढत जाते. म्हणजे तापलेला प्रोसेसर तापला म्हणूनच आणखी उष्णता निर्माण करतो.

ही उष्णता केवढ्या जागेत कोंडलेली असते, याची कल्पना घरातल्या इस्त्रीवरून चांगली येते. 1000 वॅटच्या इस्त्रीच्या तळाचे क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट पडतात, आणि तेवढ्यावर ती कापूस जाळू शकते; 125 वॅट खाणाऱ्या प्रोसेसरची सिलिकॉनची चकती दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तेथे हेच प्रमाण साठ वॅटांच्या घरात जाते. इस्त्रीच्या दहापट दाट असलेली ही उष्णता क्षणाक्षणाला वाहून नेली, तरच ती चकती जिवंत राहते.

पूर्वी असे नव्हते. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली असे दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत नेले, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनसुद्धा उष्णतेची दाटी वाढत नाही. तीन दशके सगळा उद्योग या नियमाच्या आधारावर निर्धास्तपणे चालला. पण व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास आल्यावर आणखी उतरेना, झिरपणारी वीज वाढू लागली, आणि 2004 साली बाजारात आलेल्या प्रेस्कॉट या सांकेतिक नावाच्या पेंटियम 4 प्रोसेसरांपैकी काहींनी 115 वॅटांची मजल गाठली. त्याच्या मागून यावयाचा तेजस नावाचा प्रोसेसर इंटेल कंपनीने त्याच वर्षी रद्द केला, आणि 2005 पासून एकाच चकतीवर दोन गाभे, मग चार, मग आठ, अशी वाटचाल सुरू झाली. एकाला ऊर फुटेस्तोवर पळविण्यापेक्षा अनेकांना बेताने चालवावे, हा विचार आपल्याकडे मात्र त्याआधीच एका वेगळ्या निकडीतून अमलात आला होता. हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून हवा तितका समर्थ महासंगणक मिळेना, तेव्हा 1988 साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली तिने सिद्ध केलेला परम 8000 हा संगणक ट्रान्स्प्यूटर नावाचे, एकेकटे पाहता साधारण शक्तीचे, अनेक प्रोसेसर एकत्र जोडून उभारलेला होता.

उष्णतेपासून स्वतःचा बचाव करण्याची विद्या प्रोसेसरांना हळूहळूच अवगत झाली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाच्या चित्रफितीत चालू यंत्रांवरून धातूचे शीतक, म्हणजे हीटसिंक, मुद्दाम काढून घेतले होते. एएमडी कंपनीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून जळाला, पेंटियम 3 थांबून राहिला, आणि पेंटियम 4 आपला वेग कमी करून रांगत का होईना पण चालत राहिला. आजचे सर्व प्रोसेसर या शेवटच्या वळणाचे आहेत. सिलिकॉनमध्येच बसविलेले तापमापक सतत वर्दी देत असतात; इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत 100 अंशांची हद्द गाठली की वेग उतरविला जातो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर वीजच तोडली जाते. दुपारी यंत्र मंदावणे आणि मग बंद पडणे, ही त्या संरक्षणाची दोन पावले होत. येथे एक खुलासा करणे जरूर आहे: एएमडीने 2022 साली आणलेल्या रायझन 7000 मालिकेतील मोठे प्रोसेसर भारी कामाच्या वेळी 95 अंशांपर्यंत आपणहून चढतील अशीच त्यांची योजना आहे, तेव्हा त्यांच्या पडद्यावर 95 चा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आकडा पाहण्यापूर्वी आपल्या प्रोसेसरची हद्द निर्मात्याच्या कागदपत्रांत पाहून घ्यावी.

आता या प्रकरणाच्या मर्माकडे वळू. हीटसिंक आणि पंखा विकत घेताना आपली अशी समजूत असते, की आपण अमुक एक तापमान विकत घेत आहोत. वस्तुतः आपण घेत असतो तो केवळ एक फरक. प्रत्येक शीतकाचा उष्णतेला होणारा एक रोध असतो, आणि तो दर वॅटमागे किती अंश, अशा रीतीने मोजतात. समजा, सिलिकॉनपासून हवेपर्यंतच्या साऱ्या वाटेचा मिळून रोध 0.4 आहे. मग 125 वॅट उष्णता बाहेर जाताना प्रोसेसर त्याच्याभोवतीच्या हवेपेक्षा 50 अंशांनी वर राहील. हवा कोणतीही असो, हा फरक तोच. 22 अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत उघड्या टेबलावर हे यंत्र 72 अंश दाखवील. चेन्नईतील 36 अंशांच्या खोलीत, जेथे बंद कॅबिनेटच्या आतली हवा आणखी सहा अंशांनी तापलेली आहे, तेथे तेच यंत्र 92 अंशांवर जाईल. यंत्रात खोट काही नाही, पण मुभाही आता आठच अंशांची उरली आहे. अशात प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून रोध 0.4 चा 0.5 झाला, तर फरक 62.5 अंश होतो, आणि चेन्नईत बेरीज 104.5 वर जाऊन हद्द ओलांडली जाते. हाच बिघाड पुण्याच्या डिसेंबरात, 22 अंशांच्या खोलीत झाला असता, तर आकडा 90 च्या आसपास राहिला असता व मालकाला त्याचा पत्ताही लागला नसता. चेन्नईची हवा बिघाड निर्माण करीत नाही. इतरत्र झाकून राहिलेला बिघाड ती चव्हाट्यावर आणते. म्हणून हवेला दोष देऊन स्वस्थ बसणे हा तपास अर्धवट टाकण्याचा प्रकार आहे.

रोध ही गोष्ट मात्र स्वतः वाईट नव्हे, आणि याचा एक देखणा पुरावा चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर उभा आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने 1842 साली मद्रासेत एक बर्फघर बांधले. न्यू इंग्लंडमधील तळी हिवाळ्यात गोठली की त्यांतून कापून काढलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात गुंडाळून गलबतात भरल्या जात, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून काही महिन्यांच्या प्रवासानंतर त्या विषुववृत्ताच्या इतक्या जवळ येऊनही पुष्कळ अंशी शाबूत असत. पुढे यांत्रिक रीतीने बर्फ तयार होऊ लागला व हा व्यापार संपला. 1897 साली विवेकानंदांचा मुक्काम या वास्तूत झाला, आणि आज ती विवेकानंदर इल्लम म्हणून ओळखली जाते. त्या बर्फघरातील साऱ्या कौशल्याचा हेतू बाहेरची उष्णता आत येण्याच्या वाटेवर शक्य तितका रोध निर्माण करणे हा होता, आणि भुशाच्या कणांमध्ये अडकलेली निश्चल हवा हे त्याचे मुख्य साधन. प्रोसेसरच्या बाबतीत आपला शत्रू नेमकी हीच निश्चल हवा आहे, मग ती दोन धातूंच्या फटीत असो, पात्यांमधल्या धुळीत असो, की टेबलाच्या बंद कप्प्यात असो.

फटीपासून आरंभ करू. प्रोसेसरवरचे धातूचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्म दृष्टीने पाहता दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात, आणि ते केवळ आपल्या उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. मध्ये हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट अधिक उष्णतावाहक आहे, तेव्हा या फटीतील हवेने केवढा घात होत असेल, हे सांगावयास नको. थर्मल पेस्ट ही हवा हुसकून तिची जागा घेते. पण चांगली पेस्टसुद्धा हवेहून शेकडो पट सरस असली, तरी तांब्याहून पन्नासपट किंवा त्याहूनही अधिक निकृष्ट असते. म्हणून ती जाड थापली तर लाभाऐवजी हानी होते. मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका ठेवून हीटसिंक सरळ खाली दाबला, की ती आपोआप पसरते. काही वर्षांनी ती वाळते किंवा तापण्या-निवण्याच्या आवर्तनांनी कडेला सरकते, आणि मग ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी लागते. हे करताना यंत्र आधी थोडा वेळ चालवून, मग बंद करून, वीज तोडून, हीटसिंक हलकेच पिळून सोडवावा. एएमडीच्या एएम4 बैठकीचे प्रोसेसर वाळलेल्या पेस्टला चिकटून हीटसिंकबरोबर उपसून येतात आणि त्यांच्या तळच्या पिना वाकतात. रिची स्ट्रीटवरच्या कारागिरांना भिंगाखाली त्या सरळ करीत बसावे लागते, ते या उतावळेपणामुळेच.

पेस्टइतकेच लक्ष हीटसिंकच्या पकडीकडे द्यावे. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा साधा पंखा 2004 पासून चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी मदरबोर्डवर अडकविला जातो. यांपैकी एखादी खुंटी नीट बसली नाही, किंवा उष्णतेने व वयाने ढिली पडली, तर हीटसिंक एका कोपऱ्यावर उचलला जातो आणि पेस्ट कितीही उंची असली तरी संपर्क सुटतो. नव्या हीटसिंकच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण काढावयाचे राहून गेल्याचीही उदाहरणे असतात. यंत्र नवे कोरे आणि ताप पहिल्या दिवसापासून, असे दिसले तर प्रथम हाच संशय घ्यावा.

दोष फटीत आहे की पुढे, हे यंत्र न उघडताही बव्हंशी ठरविता येते, आणि या तपासाची पद्धत मला फार मोलाची वाटते. एचडब्ल्यू मॉनिटर किंवा कोअर टेम्प यांसारखा, तापमान दाखविणारा मोफत प्रोग्राम सुरू ठेवून प्रोसेसरवर एकदम भारी काम टाकावे, आणि आकडा किती चढतो यापेक्षा किती वेळात चढतो याकडे लक्ष द्यावे. काम सुरू होताच दोन-तीन सेकंदांत आकडा पन्नाशीतून नव्वदीत उडाला, आणि हीटसिंक मात्र निवांत राहिला, तर उष्णता धातूपर्यंत पोचतच नाही असे समजावे: दोष पेस्टचा किंवा पकडीचा. आकडा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहिला आणि हीटसिंकही तापला, तर उष्णता धातूपर्यंत येत आहे, पण धातूपासून हवेत जात नाही: दोष पात्यांतील धुळीचा, पंख्याचा, किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेचा. मग कॅबिनेटची बाजू काढून तोच प्रयोग पुन्हा करावा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर कॅबिनेटचा कोंडमारा सिद्ध झाला. फारसा उतरला नाही तर धूळ व पंखा पाहावा. पाण्याने थंड होणारा लिक्विड कूलर असेल, तर त्याचा पंप बंद पडल्यावर आकडा फटीच्या दोषासारखाच चटकन चढू लागतो, आणि नळ्या एका टोकाला गरम व दुसऱ्या टोकाला गार लागतात.

धुळीचे चेन्नईतील रूप थोडे निराळे आहे. कोरड्या प्रदेशातील धूळ पात्यांवर बसते आणि फुंकरीने उडते. येथे दमट हवेत ती तंतूंशी व केसांशी मिळून नमद्यासारखा थर धरते, आणि बेझंट नगर, तिरुवान्मियूर, सांथोम अशा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत त्या थरात समुद्राचे मीठही असते. मिठाचा एक स्वभाव असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते, आणि चेन्नईच्या पहाटे ही मर्यादा वारंवार ओलांडली जाते. मदरबोर्डवरचा असा खारट ओलावा धातूला गंज चढवितो आणि वीज भलत्या वाटेने नेतो. यावरून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते: चालू यंत्र सभोवारच्या हवेहून गरम, म्हणून कोरडे राहते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्या यंत्राला अधिक धोका पोचतो. उन्हाळ्याच्या तोंडी एकदा व पाऊस ओसरल्यावर एकदा, अशी वर्षातून निदान दोनदा ब्लोअरने पाती स्वच्छ करावीत. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाही तर ती वाऱ्याच्या झोताने बेफाम फिरून त्यांचा आस खराब होतो.

कॅबिनेटविषयी थोडक्यात इतकेच, की हवा समोरून किंवा खालून आत यावी आणि मागून व वरून बाहेर जावी, आणि या दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात. आपल्याकडे संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडी टेबलांत कॅबिनेटसाठी पाठ बंद असलेला एक कप्पा असतो. त्यात यंत्र सरकविले की बाहेर टाकलेली गरम हवाच फिरून आत ओढली जाते, आणि ही व्यवस्था टेबल बनविणाऱ्यांनी अजूनही सोडलेली नाही, याचा मला खरोखर विषाद वाटतो. धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावर घातलेले प्लास्टिकचे आच्छादनही त्याच पंक्तीतले. बाजू कायमची काढून समोर टेबलफॅन लावण्याचा उपाय कोंदट कॅबिनेटला तात्पुरता उपयोगी पडतो, पण धुळीला आमंत्रण देतो. तो तपासापुरता ठेवावा.

यानंतर येते ती खोली. शरीराला चेन्नईचा उन्हाळा जो छळतो, तो निम्मा घामाच्या न सुकण्याने. यंत्राला घाम नसल्यामुळे त्या उकाड्याशी त्याचे काही देणेघेणे नाही, त्याला फक्त तापमापकातला कोरडा आकडा समजतो. म्हणून छताच्या पंख्याखाली आपल्याला बरे वाटू लागले म्हणजे यंत्रालाही बरे वाटत असेल, हा भ्रम होय. उलट गच्चीखालच्या खोलीत संध्याकाळी तो पंखा तापलेल्या स्लॅबखालची हवाच खाली ढकलतो. मैलापूर-ट्रिप्लिकेनच्या जुन्या घरांना मद्रास टेरेस पद्धतीची छपरे असत: सागवानी तुळयांवर उभ्या विटांचे थर, वर चुना आणि विटांचा चुरा. त्या जाड छपराखाली दुपार पुष्कळ सुसह्य होई; आजच्या पातळ काँक्रीटच्या स्लॅबखाली ती सोय राहिली नाही. यंत्रही खोली तापविते. प्रोसेसर, पडदा व इतर भाग मिळून 300 वॅट वीज घेत असतील, तर दहा फूट लांबी-रुंदी-उंचीच्या बंद खोलीतील हवा, भिंतींनी काही शोषले नाही असे धरता, दोन मिनिटांच्या आत एका अंशाने तापविण्यास ती पुरेशी आहे. भिंती पुष्कळ शोषतात हे खरे, परंतु पश्चिमेची भिंत दुपारी स्वतःच तापलेली असते. कॅबिनेट त्या भिंतीपासून दूर ठेवावे, आणि समुद्रवारा आला की पूर्वेची खिडकी उघडावी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालतो पण वातानुकूलन चालत नाही, ही अडचण येथील घरोघरची आहे. अशा वेळी लांब चालणारे काम थांबवून ठेवणे इष्ट.

हवेपेक्षाही थंड करण्याचा मोह मात्र या शहरात आवरावा. पाणी उडविणारे डेझर्ट कूलर नागपुरात उपकारक ठरतात, पण येथील दमट हवेत ते खोलीचे तापमान फारसे उतरवीत नाहीत आणि ओलावा तेवढा वाढवितात. बर्फाचे पाणी किंवा विजेने गारठणारी पट्टी लावून प्रोसेसर खोलीहून गार करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की चेन्नईच्या उन्हाळ्यात हवेतील बाष्पाचे दव होण्याचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असते. त्याहून गार असलेल्या प्रत्येक धातूवर पाण्याचे थेंब जमतात. थंडगार दालनातून बाहेर पडताच चष्मा धुरकटतो, तो याच कारणाने. फार गार खोलीतून बाहेर आणलेले यंत्रही काही वेळ बंदच ठेवून हवेच्या तापमानाला येऊ द्यावे, मग सुरू करावे.

इतके सारे करूनही आकडा हद्दीपाशी राहिला, तर उरतो तो मूळ उपाय: उष्णता कमी निर्माण करणे. येथे व्होल्टेजचा तो वर्ग कामाला येतो. वेग दहा टक्क्यांनी कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्क्यांनी उतरविता आले, तर उष्णता 0.9 चा घन, म्हणजे पूर्वीच्या सुमारे 73 टक्के उरते. दहाव्या हिश्शाचा वेग देऊन पावहिश्शाहून अधिक ताप टळतो. वर घेतलेल्या उदाहरणात 125 वॅटांचे 91 वॅट होतील, फरक 50 अंशांवरून साडेछत्तीसवर येईल, आणि 92 चा आकडा 79 च्या आत जाईल. विंडोजच्या वीज-व्यवस्थेत प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के ठेवली, तरी नियत वेगाच्या वर मारली जाणारी टर्बोची झेप बंद होते, आणि एका पैशाचा खर्च न होता तापमान लक्षणीय उतरते. बायोसमध्ये वॅटांची मर्यादा घालता येत असेल तर तो मार्ग अधिक नेमका. मदरबोर्ड बनविणारे पुष्कळदा ही मर्यादा मूळ प्रमाणापेक्षा सैल ठेवून यंत्र विकतात, कारण स्पर्धेत वेगाचे आकडे दाखवावयाचे असतात. त्या आकड्यांसाठी मे महिन्यात चेन्नईच्या ग्राहकाने आपले यंत्र का भाजून घ्यावे, हे मला आजवर समजलेले नाही. चलच्चित्रे तयार करण्यासारखी तासन्‌तास चालणारी कामे पहाटेवर ढकलली, तर दुपारच्या 36 ऐवजी 28 अंशांची हवा मिळते, आणि ते आठ अंश कोणत्याही महागड्या शीतकाच्या तोडीचे आहेत.

आणि नवे यंत्र घेण्याचीच वेळ आली, तर या शहरात राहणाऱ्याने वेगाच्या आधी वॅट पाहावेत. इंटेलचा कोअर आय-9 12900के हा प्रोसेसर कागदोपत्री 125 वॅटांचा आहे, पण जोरात आला की 241 वॅटांपर्यंत जाण्याची त्याला परवानगी आहे. त्याच पिढीतील कोअर आय-5 12400 हा 65 वॅटांचा, व त्याची कमाल 117. पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि अधूनमधून छायाचित्रांवरचे काम एवढाच ज्या घराचा वापर आहे, त्याला दुसरा पुरून उरतो. 0.4 रोधाच्या त्याच शीतकाखाली 65 वॅटांचा फरक 26 अंशांचा, म्हणजे कॅबिनेटमधली हवा 42 अंशांवर गेली तरी प्रोसेसर 68 वर राहतो. पंख्याला ओरडावे लागत नाही, आणि पेस्ट वाळून रोध 0.5 झाला तरी आकडा पंच्याहत्तरीच्या अलीकडेच थांबतो.